नवा लेख वाचकाच्या ईमेलवर, यादी आपल्या हातात

स्वतःच्या वेबसाइटवर किंवा ब्लॉगवर मराठीत लिहिणाऱ्यांची एक पंचाईत असते. एखाद्या वाचकाला तुमचा वालाच्या बिरड्यावरचा किंवा कोकणातल्या कातळशिल्पांवरचा लेख आवडतो, तो शेवटपर्यंत वाचतो आणि निघून जातो. पुढचा लेख तुम्ही दोन महिन्यांनी लिहिता तेव्हा त्याला कळवायचं कोणी? मग आपण फेसबुकवर दुवा टाकतो. तो किती जणांना दिसेल हे फेसबुक ठरवतं. नाहीतर व्हॉट्सॲपवर अख्खा लेखच चिकटवतो, आणि तो चार ग्रुप फिरून आपल्याकडेच परत येतो. खाली आपलं नाव नसतं, कधी नुसतं ‘साभार’ असतं, आणि नशीब जोरावर असेल तर लेख पुलंच्या किंवा वपुंच्या नावावर जमा झालेला असतो.

यावर ईमेल हा जुना उपाय आहे, आणि माझ्या मते अजूनही सगळ्यात भरवशाचा. वाचक आपणहून पत्ता देतो, तुम्ही लेख प्रसिद्ध केला की त्याला मेल जातो, मधे कोणी मध्यस्थ दिसण्या-न दिसण्याचा निवाडा करत बसत नाही. मासिकांच्या वर्गणीदारांच्या वहीचंच हे रूप. मात्र ती वही कुणाच्या कपाटात आहे हे आधी बघायला हवं.

फीडबर्नरची गोष्ट यासाठी आठवावी. २००४ मध्ये शिकागोत सुरू झालेली ही सेवा गूगलने २००७ मध्ये विकत घेतली. ब्लॉगस्पॉटवरच्या असंख्य मराठी ब्लॉगांच्या कडेला ‘नवे लेख ईमेलने मिळवा’ असा जो चौकोन असायचा, त्याच्यामागे बहुतेक वेळा हीच सेवा होती. फुकट होती, आपोआप चालायची, त्यामुळे एकदा चौकोन लावला की लोक ती विसरूनही जात. २०२१ मध्ये गूगलने तिची ईमेलची सोय बंद केली. त्याआधी पत्त्यांची यादी उतरवून घेण्याची मुभा होती. ज्यांनी सूचना वाचली त्यांनी यादी उतरवून घेतली. ज्यांनी वाचली नाही त्यांचे वर्षानुवर्षं जमलेले वाचक गेले. त्याआधी, १ जुलै २०१३ ला, गूगल रीडर बंद झालं तेव्हा फीडवरून, म्हणजे ब्लॉगांचे नवे लेख आपोआप एका जागी गोळा करून, वाचणाऱ्यांच्या बाबतीत असंच झालं होतं. फरक इतकाच की त्या वाचकांचे पत्ते लेखकाकडे कधी नव्हतेच.

म्हणून कुठलीही सेवा निवडताना, ती फुकट आहे का, दिसायला सुबक आहे का, या प्रश्नांच्या आधी एक प्रश्न विचारा: माझ्या वाचकांचे पत्ते, ते कधी नोंदले गेले त्या तारखांसकट, मला हवे तेव्हा फाइल म्हणून उतरवून घेता येतात का? उत्तर ‘हो’ असेल तर बाकीच्या उणिवा चालवून घेता येतील. ‘नाही’ असेल तर पुढचं काही बघूच नका.

आता सोयींकडे. ब्लॉगस्पॉटवरच लिहायचं असेल तर ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये नवी पोस्ट दहा पत्त्यांपर्यंत ईमेलने पाठवण्याची सोय अजून आहे. दहाच पत्ते, म्हणजे ही सोय घरच्यांपुरती आणि दोन-चार मित्रांपुरती. त्यापुढे जायचं तर ब्लॉगचा फीड वाचून मेल पाठवणारी एखादी बाहेरची सेवा जोडावी लागते. फॉलो डॉट इट, मेलचिंप, मेलरलाइट ही त्यातली काही नावं. या सेवा ठरावीक वेळी तुमच्या फीडमध्ये डोकावतात आणि नवं काही दिसलं तर मेल तयार करतात. इथे पुष्कळ जण अडकतात, कारण मेलमध्ये लेखाच्या दोनच ओळी का येतात ते कळत नाही. दोष सेवेचा नसतो. ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हीकडे फीडमध्ये पूर्ण मजकूर द्यायचा की सारांश, ही निवड तुमच्याच सेटिंगमध्ये असते. आधी ती तपासा.

वर्डप्रेस डॉट कॉमवर लिहीत असाल तर बाहेर शोधायची गरज नाही. नोंदणीचा चौकोन तिथेच मिळतो, आणि मेल लगेच हवा, दिवसातून एकदा हवा की आठवड्यातून, हे वाचक स्वतः ठरवू शकतो. स्वतःचं होस्टिंग घेऊन वर्डप्रेस चालवत असाल तर जेटपॅक किंवा मेलपोएट ही प्लगइन आहेत. सबस्टॅकवर (ही सेवा २०१७ पासूनची) लिहिणं आणि पाठवणं एकाच जागी होतं. वाचकांकडून पैसे घेतले तरच ते दहा टक्के कापून घेतात. नुकतीच सुरुवात करणाऱ्याला, ज्याच्याकडे स्वतःचं डोमेन नाही आणि तांत्रिक गोष्टींची आवड तर मुळीच नाही, मी वर्डप्रेस डॉट कॉम किंवा सबस्टॅक यांपैकी एक सुचवेन. फुकट योजनांच्या मर्यादा मात्र दरवर्षी बदलतात, तेव्हा कुणाच्या जुन्या लेखातल्या आकड्यांवर विसंबू नका.

आणि एक पळवाट पुष्कळांना सुचते: जीमेलमधूनच सगळ्यांना एकदम पाठवायचं. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला पाचशे जणांपर्यंतच मेल जातात, पण खरा धोका तो नव्हे. एखाद्या दिवशी घाईत पत्ते ‘बीसीसी’ऐवजी ‘टू’मध्ये पडतात, दोनशे अनोळखी लोकांना एकमेकांचे पत्ते मिळतात, त्यातले एक काका सर्वांना उद्देशून ‘छान लेख’ असं उत्तर देतात, आणि संध्याकाळपर्यंत भांडण पेटलेलं असतं. शिवाय अशा मेलमधून नाव काढून घ्यायचा दुवाच नसतो.

पत्ता मागताना

नोंदणीचा चौकोन लेखाच्या शेवटी ठेवा. जो तिथवर पोचला त्यालाच पुढचं वाचायची इच्छा असते. पान उघडताक्षणी अंगावर येणारी खिडकी मला स्वतःला उर्मट वाटते. लेखाची पहिली ओळ वाचायच्या आत कोणी पत्ता का द्यावा? चौकोनात फक्त ईमेल मागा. फोन नंबर नको, जन्मतारीख तर नकोच. वर एक ओळ लिहा: काय मिळेल आणि किती वेळा मिळेल. ‘महिन्यातून एक-दोन लेख, जाहिराती नाहीत’ एवढं पुरे. ‘आमच्या परिवारात सामील व्हा’ असल्या वाक्यातून वाचकाला काहीच कळत नाही.

पत्ता दिल्यावर त्या पत्त्यावर खात्री करणारा मेल जातो आणि त्यातलं बटण दाबल्यावरच नोंदणी पक्की होते. ही दुहेरी पद्धत ठेवाच. चुकीचे पत्ते, दुसऱ्यानेच खोडसाळपणे भरलेले पत्ते, यंत्राने भरलेले पत्ते, सगळे तिथेच गळून पडतात. पण आपल्याकडे याच टप्प्यावर खरे वाचकही गळतात. कारण सरळ आहे. बँका, पोलीस, फोन कंपन्या सगळे रोज बजावतात की अनोळखी दुव्यावर बोट ठेवू नका. निवृत्त शिक्षिका असलेल्या तुमच्या वाचक ताई ते कटाक्षाने पाळतात. त्यांना तुमच्या नावाऐवजी सेवेच्या नावाने, इंग्रजीत, ‘कन्फर्म’ म्हणणारा मेल आला तर त्या तो पुसून टाकणार, आणि त्यांचं काही चुकलंही नाही.

यावरचा उपाय तुमच्या हातात आहे. बहुतेक सेवांमध्ये या मेलचा मजकूर बदलता येतो. तो मराठीत लिहा, पाठवणाऱ्याच्या जागी तुमचं नाव टाका, आणि नोंदणीनंतर दिसणाऱ्या पानावर आधीच सांगून ठेवा: ‘दोन-चार मिनिटांत अमुक नावाने, अमुक विषयाचा मेल येईल. त्यातलं “हो, लेख पाठवा” हे बटण दाबा. मेल दिसला नाही तर स्पॅम किंवा प्रमोशन्समध्ये बघा.’ एवढ्या चार ओळींनी फरक पडतो.

पुस्तक प्रकाशनात, ग्रंथप्रदर्शनात किंवा वाचनालयाच्या व्याख्यानात वही फिरवून पत्ते घ्यायची आपली जुनी सवय. त्या वहीचं घरी आल्यावर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे: शून्य की ओ, एक की एल, आणि जीमेलमधलं ‘आय’ कुठे गेलं, याचा शोध. वहीऐवजी टेबलावर क्यूआर कोडचा कागद ठेवा. माणूस स्वतःच्या फोनवर स्वतः पत्ता भरेल. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी वही असू द्या, पण कॅपिटल अक्षरांत लिहायला सांगा आणि पत्ता त्यांच्यासमोर मोठ्याने वाचून घ्या.

सोसायटीच्या यादीतले, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपमधले, साहित्य मंडळाच्या सभासदांचे पत्ते उचलून आपल्या यादीत टाकायचा मोह होतो. टाकू नका. तो शिष्टाचाराचा प्रश्न आहेच, शिवाय कायद्याचाही आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती स्पष्ट आणि ठरावीक हेतूपुरती असावी लागते, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं असावं अशी अपेक्षा आहे. संमतीची विनंती संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचायचा पर्यायही त्यात आहे, म्हणजे मराठीत सूचना लिहिणं नुसतं आपुलकीचं राहत नाही. युरोपात राहणारे मराठी वाचक तुमच्या यादीत असतील तर तिथला २०१८ पासूनचा माहिती संरक्षणाचा नियम आणखी कडक आहे. दुहेरी नोंदणी केली असेल तर कुणी, कधी हो म्हटलं याची नोंद सेवेकडे आपोआप राहते. कुणी विचारलंच तर तीच कामी येते.

मराठी मजकुराच्या खास अडचणी

ईमेलबद्दलचे सल्ले बहुतेक इंग्रजीसाठी लिहिलेले असतात, आणि त्यांत एक गोष्ट सांगितलेली नसते. जीमेल साधारण १०२ किलोबाइटपेक्षा मोठा मेल मधेच कापतो आणि खाली ‘पूर्ण संदेश पाहा’ असा दुवा देतो. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला तीन, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांचे प्रत्येकी वेगळे तीन. म्हणजे दोन हजार शब्दांचा मराठी लेख नुसत्या मजकुराचाच पस्तीस-चाळीस किलोबाइटच्या आसपास जातो. त्यावर सेवेची सजावट, दुवे, तळटीप. दिवाळी अंकात शोभेल असा पाच हजार शब्दांचा लेख तर कापला जाणारच. लेख अर्धवट तुटतो हे एक; दुसरं म्हणजे तळाशी असलेला नाव काढायचा दुवाही त्या कापाकापीत दिसेनासा होतो, आणि वैतागलेला वाचक सरळ ‘स्पॅम’ दाबतो.

त्यामुळे पूर्ण लेख पाठवायचा की सुरुवातीचा भाग आणि पुढे दुवा, या सनातन वादात माझं मत असं: अडीच हजार शब्दांपर्यंतचा लेख पूर्ण पाठवा. कसाऱ्याच्या लोकलमध्ये किंवा घाटात रेंज गेली तरी वाचता येतो, आणि पुष्कळ मराठी वाचकांना ‘पुढे वाचा’वर टिचकी मारायला आवडत नाही. त्याहून मोठ्या लेखाचे पहिले पाच-सहा परिच्छेद द्या. दोन-तीन वाक्यं देऊन उत्कंठा ताणू नका, ती जाहिरातवाल्यांची रीत झाली. आणि वर्डमधून थेट चिकटवू नका. वर्डबरोबर अदृश्य सजावटीचा कचरा येतो आणि मेल फुगतो. आधी साध्या मजकुराच्या खिडकीत चिकटवा, तिथून उचला.

फॉन्टच्या हौसेलाही इथे आवर घालावा लागतो. तुमच्या वेबसाइटवर सुंदर फॉन्ट असेल, पण जीमेल बाहेरून आणलेले फॉन्ट दाखवत नाही. वाचकाच्या फोनमध्ये किंवा संगणकात जो देवनागरी फॉन्ट आहे त्यातच मेल दिसतो. अँड्रॉइडवर तो बहुधा नोटो असतो, विंडोजवर निर्मला किंवा मंगल. तुम्हाला बदलता येतं ते आकारमान आणि ओळींमधलं अंतर. अक्षर सतरा-अठरा पिक्सेलचं ठेवा आणि ओळींत दीडपटीहून थोडं जास्त अंतर सोडा, म्हणजे वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या मात्रांवर चढत नाहीत.

तुमचे जुने लेख डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये आले असतील तर ते तसेच पाठवता येणार नाहीत. दुसऱ्याच्या पडद्यावर निव्वळ रोमन अक्षरांची कचकच दिसेल. त्यावर काही जण पानाचं चित्र काढून ते मेलमध्ये चिकटवतात. त्याने अक्षर मोठं करता येत नाही, शोधता येत नाही, दृष्टिहीन वाचकाच्या फोनला ते वाचून दाखवता येत नाही, आणि ज्यांच्याकडे चित्रं आपोआप उघडत नाहीत त्यांना कोरा चौकोन दिसतो. युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि मग डोळ्याखालून घाला. रूपांतरात नेमकं काय बिघडतं ते ठरलेलं आहे: रफार पुढच्या-मागच्या अक्षरावर सरकतो, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’मधलं ऱ्य मोडतं, ‘ॲ’चं ‘अ’ होतं, आणि पहिली वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते.

स्पॅमपासून वाचताना

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मेल पाठवणाऱ्यांसाठीचे नियम कडक केले. दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना ते पूर्ण लागू आहेत, पण लहान यादीवाल्यांनीही पाळावेत हे बरं. स्वतःच्या डोमेनच्या पत्त्यावरून पाठवत असाल तर तीन नोंदी लागतात. एसपीएफ म्हणजे तुमच्या नावाने कोणकोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे मेलवरची सही, मजकूर वाटेत बदललेला नाही हे दाखवणारी. डीमार्क म्हणजे या दोन्हींत गडबड आढळली तर मेलचं काय करायचं याची सूचना. तुमची सेवा या नोंदींचा मजकूर तयार करून देते. तो जिथे डोमेन विकत घेतलं तिथल्या डीएनएसच्या पानावर चिकटवायचा. अर्ध्या तासाचं काम आहे. स्वतःला जमत नसेल तर भाचा, पुतणी, कुणालाही बसवा, पण टाळू नका.

बाहेरच्या सेवेतून पाठवताना ‘प्रेषक’ म्हणून स्वतःचा जीमेलचा पत्ता घालू नका. जीमेलच्या नावाने भलत्याच सर्व्हरवरून आलेला मेल जीमेलला तोतया वाटतो. आणि स्वतःच्या होस्टिंगवरच्या वर्डप्रेसने आपल्याच सर्व्हरवरून मेल धाडू नयेत. स्वस्त होस्टिंगमध्ये त्याच सर्व्हरवर इतर शेकडो वेबसाइट असतात, आणि त्यांतल्या एकीच्या उचापतींची फळं सगळ्यांना भोगावी लागतात. ब्रेव्होसारखी मेल पाठवणारी वेगळी सेवा जोडा.

एक अनपेक्षित अडचण घरच्या पत्त्याची. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे व्यावसायिक मेलमध्ये टपालाचा पत्ता द्यावा लागतो, आणि मेलचिंपसारख्या तिथल्या सेवा तो सगळ्यांकडूनच मागतात. तो प्रत्येक मेलच्या तळाशी छापला जातो. एकटं राहणाऱ्या लेखिकेने घरचा पत्ता शेकडो अनोळखी लोकांना का द्यावा? टपाल खात्याचा पोस्ट बॉक्स भाड्याने घेता येतो. तो क्रमांक द्या.

पाठवण्याच्या वेळेवर फार डोकं शिणवू नका. यादीत अमेरिकेतले वाचक बरेच असतील तर एवढं ध्यानात असू द्या की पुण्यात सकाळचे साडेआठ वाजलेले असताना, तिथल्या उन्हाळ्यात, न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे अकरा आणि कॅलिफोर्नियात रात्रीचे आठ असतात. विषयाच्या ओळीत लेखाचं नावच लिहा, महत्त्वाचे शब्द आधी, कारण फोनवर पाच-सहा शब्दांपुढचं दिसत नाही. ‘नवीन पोस्ट क्रमांक ४७’ हा विषय नव्हे. आणि प्रसिद्ध करण्याआधी एक मेल स्वतःला पाठवून फोनवर वाचून बघा. वेबसाइटवरची चूक मागाहून दुरुस्त करता येते, पोचलेल्या मेलमधली येत नाही. ऱ्हस्व-दीर्घावर टपून बसलेले वाचक प्रत्येक यादीत असतात.

उत्तरं येऊ द्या. ‘या पत्त्यावर उत्तर देऊ नये’ असलं वाक्य सरकारी खात्याला शोभतं. मराठी वाचक लेखाला उत्तर म्हणून कधीकधी लेखाएवढंच पत्र लिहितो, त्याच्या आजोळच्या विहिरीसकट, आणि त्या पत्रांतून पुढचे लेख निघतात. नाव काढायचा दुवाही ठळक ठेवा, ‘यापुढे हे मेल नकोत’ असा मराठीत. जीमेलच्या हिशोबात हजारात तीन जणांनी स्पॅम म्हणणंही जास्त होतं. दोनशेच्या यादीत एकाने दाबलं तरी प्रमाण त्यापलीकडे गेलं. त्यापेक्षा तो शांतपणे निघून गेलेला परवडतो.

किती जणांनी मेल उघडला हा आकडा सेवा दाखवतात, त्यावर फार हुरळू नका आणि खचूही नका. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलचं मेल ॲप वाचकाने उघडलेला नसतानाही मेल उघडल्यासारखा दाखवू शकतं. म्हणून ‘उघडत नाहीत’ एवढ्यावरून कुणाला काढू नका. वर्षाकाठी एकदा, गुढीपाडव्याला किंवा दिवाळीनंतर, जे बराच काळ कुठल्याच दुव्यावर गेलेले नाहीत अशांना एक छोटा मेल लिहा: लेख अजून हवेत का, हवे असतील तर इथे टिचकी मारा. दोनदा विचारूनही काही कळलं नाही तर नाव काढा. बहुतेक सेवा पत्त्यांच्या संख्येवर पैसे आकारतात, तेव्हा खर्चही कमी होतो. त्याच दिवशी अख्खी यादी फाइल म्हणून उतरवून घ्या आणि पासवर्ड लावून दोन ठिकाणी ठेवा. सेवा बदलायची वेळ आली तर ती फाइल नव्या ठिकाणी चढवा, ज्यांनी आधी नाव काढलं होतं त्यांना त्यातून वगळायला विसरू नका, आणि पहिल्या मेलमध्ये वाचकांना सांगा की पत्ता बदलला आहे, लिहिणारा माणूस तोच आहे.